तिसरा वाटा

मे महिना अर्धा उलटला की माझं नाक कामाला लागतं. कुलूप उघडायचं, दार लोटायचं आणि चप्पल काढायच्या आधी एक लांब श्वास घ्यायचा. खोलीत तसं काहीच नसतं. सकाळच्या पोह्यांची मोहरी, धुतलेल्या चादरीचा साबण, खालच्या फुलवाल्यांचा झेंडू, बस्स. तरी मी पलंगाखाली वाकते, सिलिंडरच्या मागे डोकावते, ओट्याखालचं कपाट उघडून पुन्हा एकदा हुंगते. कुणी बघितलं तर म्हणेल, या बाईचं डोकं फिरलंय. फिरलेलंच आहे. चार वर्षांपूर्वीच्या एका आगोटीने फिरवलंय.

आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची भरणी. आमचं गाव खारेपाटातलं, अलिबागहून रेवसला जाताना उजव्या हाताला. खाडीचं पाणी बांधाबाहेर थोपवायचं आणि आत भात पिकवायचा, असा पिढ्यान् पिढ्यांचा उद्योग. पावसाचे चार महिने मासेमारी बंद, रस्ता कधी चालू कधी बंद. म्हणून मे महिन्यात घराघरात एकच घाई. सुके बोंबील, सोडे, सुकट, वाकट्या, कडवे वाल, चिंच, खडे मीठ, पांढऱ्या कांद्याच्या माळा, कुटलेला मसाला. जिथे ऊन तिथे काहीतरी पसरलेलं. आई त्या दिवसांत माणसांत नसायची. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला फडकं, हातात कावळे हाकलायची काठी. कुणी मध्ये आलं की तीच काठी आमच्याकडे वळायची. "बाजूला व्हा गो! सोड्यांवर सावली पडते." आमच्या सावलीने सोडे दमट होतात, असं तिचं ठाम मत.

आणि मग वाटे. आमच्यात रीत अशी की ज्याची चूल वेगळी पेटली त्याचा आगोटीत वेगळा वाटा. लग्न झालं म्हणून नाही, कमावता झाला म्हणून नाही, चूल वेगळी म्हणून. भांडण असलं तरी वाटा चुकत नाही. काकांशी बाबांचं बांधावरून सात वर्षं बोलणं नव्हतं. त्या सातही वर्षी आईने काकूच्या ओटीवर बोंबलांची जुडी नेऊन ठेवली आणि बाबांनी ती जाताना बघूनही बघितली नाही. बोलणं बंद झालं तर माणूस निदान जिवंत असतो. वाटा बंद झाला म्हणजे तो घरातून गेला, असंच आम्ही लहानपणापासून समजत आलो.

माझी चूल पेटली ती मुंबईत, भुलेश्वरजवळच्या एका गल्लीत, चौथ्या मजल्यावर. मी रक्त-लघवी तपासायच्या एका लॅबमध्ये लागले होते आणि सकाळी साडेसहाला हजर राहायचं होतं. उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर ताटकळत असतात, त्यांना थांबवून चालत नाही. रेवसची पहिली लाँच भाऊच्या धक्क्याला लागेपर्यंत माझं अर्धं काम उरकलेलं असायला हवं. वर्षभर मी एका हॉस्टेलात सहा जणींबरोबर राहिले. सहा जणींच्या सहा गजरांनी मला वेड लागायची पाळी आली. मग एजंटने ही जागा दाखवली. तो तिला "स्टुडिओ अपार्टमेंट" म्हणाला. म्हणजे एकच लांबट खोली. या टोकाला ओटा, त्या टोकाला न्हाणी, मध्ये पलंग. स्टुडिओत राहणार म्हणजे फोटो काढणार का, हा विनोद आमच्या घरात सगळ्यांनी एकेकदा करून घेतला. मला मात्र जागा बघताक्षणी आवडली. खिडकीखाली सगळी गल्ली उकळत असायची. फुलांनी भरलेले हारे, पितळेची भांडी, बांगड्यांची दुकानं, लग्नाच्या पत्रिका, हातगाडीवाल्यांचं "बाजू, बाजू!", देवळाची घंटा आणि या सगळ्यातून आपल्याच तंद्रीत चालणाऱ्या दोन गायी. गावाकडच्या शांततेत वाढलेल्या मला त्या कलकलाटात कधी नव्हे ती गाढ झोप लागायची.

एजंट जिना चढता चढता म्हणाला होता, "मॅडम, एकच कंडिशन आहे. नॉनव्हेज नाही. बाकी बेन देवमाणूस आहेत."

बेन म्हणजे निर्मलाबेन. आमच्या मालकीणबाई, शेजारच्याच दारात राहणाऱ्या. सत्तरीच्या, गोऱ्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांचा जन्म याच गल्लीतला, त्यामुळे मराठी अगदी सराईत, मध्येच गुजराती वळण घेणारी. त्यांनी मला पाणी दिलं, पंखा वाढवला आणि विचारलं, "गाव कुठला तुझा?"

"अलिबागजवळ."

"अलिबाग!" त्यांनी भुवया उंचावल्या. "मग मासे तर खात असशील."

आता खरं सांगते. मला एक क्षणही लागला नाही. हॉस्टेलातले सहा गजर डोळ्यांसमोर आले, ती खिडकी आली, आणि मी म्हटलं, "मी नाही खात."

इतकं स्वच्छ, इतकं सहज की माझं मलाच नवल वाटलं. जिचं पहिलं उष्टावणसुद्धा पापलेटाच्या कालवणातल्या भाताने झालं, ती मी. एजंटने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. निर्मलाबेनने चावी दिली.

पहिले काही महिने बरे गेले. मी खोलीत वरणभात, भाजी, खिचडी करायचे आणि मासे लॅबजवळच्या खानावळीत खायचे. खाऊन झाल्यावर हात तीनदा धुवायचे, बडीशेप चघळायचे, आणि जिना चढताना निर्मलाबेन भेटल्या तर तोंड जरा बाजूला करून बोलायचे. चोरी अशी की पकडण्यासारखं काहीच नाही, तरी धाकधूक संपत नाही. एका खोलीच्या घराचं हे एक आहे. तिथे वासाला जायला दुसरी खोली नसते. सकाळची फोडणी संध्याकाळी उशीत सापडते. मी माझी ओढणी हुंगायचे, केस हुंगायचे. लॅबमधला स्पिरिटचा बोळा आणून ओटा पुसायचे.

आणि मग मे आला. आईचा फोन आला.

"बाय, कवा येऊ?"

"कशाला?"

"कशाला म्हंजे? आगोट भरली. तुझा वाटा काढलाय."

मी म्हटलं, "आई, नको गं. खोली लहान आहे."

"लहान घरात पावसाला येत न्हाय का?"

"मी एकटी कितीसं खाणार?"

"एकटीचा एकटीपुरता. ताईचा बोर्लीला यष्टीने गेला. दादाचा घरातच हाय. तुझाच ऱ्हायलाय. चूल पेटलीय ना तुझी? मग वाटा नको?"

मी खरं कारण सांगितलं नाही. काय सांगणार? आई, मी मासे खात नाही असं सांगून आलेय? बोंबलांच्या जुड्या विकून जिने माझी लॅबच्या कोर्सची पुस्तकं आणली, तिला? मी ड्युटीची कारणं सांगितली, उन्हाची सांगितली, लाँचच्या गर्दीची सांगितली. आई "व्हय, व्हय" म्हणत राहिली. आई व्हय म्हणते तेव्हा तिने ऐकलेलं नसतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

पुढच्या गुरुवारी दुपारी मी लॅबमधून परतले तर आई आमच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली. भरतीची वेळ बघून सकाळची लाँच धरलेली. शेजारी तेलाचा पत्र्याचा डबा, त्याच्या तोंडावर फडकं बांधलेलं, आणि गोणपाटात गुंडाळलेली एक लांब जुडी. घामाने कपाळावरचं कुंकू ओघळलेलं. मला बघून तोंडभर हसली. "चुकले न्हाय हां. धक्क्यावरनं टॅक्सीवाल्याला सांगितलं, फुलवाल्यांची गल्ली. बरोबर आनली त्यानं."

तिचं कौतुक वाटायला हवं होतं. चौथी शिकलेली बाई एकटी, एवढं ओझं घेऊन, समुद्र ओलांडून आली होती. पण मला तिच्याआधी वास आला. उन्हात तापलेल्या सुक्या बोंबलांचा, चार मजले भरून राहिलेला. मी तिला हाताला धरून जवळजवळ ओढतच वर नेलं. कुलूप उघडेना, चावी सरळ बसेना. आई म्हणाली, "हलू, हलू. घर पलून जातंय का?"

आत आल्यावर तिने खोलीला एक फेरी मारली. चार पावलांत ती संपली. ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून बघितला, म्हणाली, "बेस हाय. चूल बेस हाय." आणि मी दार लावायच्या आत डब्याचं फडकं सोडलं.

तेव्हाच दारात निर्मलाबेन उभ्या राहिल्या. एक हात चौकटीवर, एक गुडघ्यावर. "अरे दीकरा, हा वास कशाचा?"

मी काहीच बोलले नाही. हे लिहितानाही माझे कान तापतात. बोलायला काहीही चाललं असतं. मी नुसतं आईकडे बघितलं, मग निर्मलाबेनकडे, मग पुन्हा आईकडे. आईने माझा चेहरा एकदाच वाचला. किती लागलं असेल तिला? डब्यावरचं फडकं पुन्हा बांधायला लागतो तेवढा वेळ.

"माझं हाय, बाय," ती निर्मलाबेनला म्हणाली. "माझ्या भावाला न्यायला आनलं. तो हितंच ऱ्हातो, पुढं. पोरीला बघायला म्हून वर आले. माझी पोर न्हाय खात हो. बारीक व्हती तवापास्न न्हाय खात."

निर्मलाबेन नुसत्या उभ्या होत्या. ते गप्प राहणं आईला संशयाचं वाटलं असावं. तिने डब्यावरचा हात उचलला, गळ्याच्या घाटीला लावला आणि म्हणाली, "गावदेवीची शपथ. माझी पोर मासली खात न्हाय."

आईला मुंबईत भाऊ नाही. तिला भाऊच नाही.

त्यानंतर ती बसली नाही. मी पाणी भरलेला पेला हातात घेऊन उभी, आणि ती डबा डोक्यावर, जुडी काखेत घेऊन जिना उतरायला लागलेली. "भाव वाट बघत असंल," हे जिन्यातल्या प्रत्येक दाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. खाली फुलवाल्यांच्या गर्दीत मी तिला गाठलं. डबा घ्यायला हात पुढे केला तर तिने झटकला. रागाने नव्हे. "वास लागंल तुला," म्हणाली. टॅक्सीत बसल्यावर मग एकदाच माझ्याकडे बघितलं. "आता मातुर खाऊ नको. मी शपथ घेतलीय. दादा गाडीवर असतो, घाटात असतो. माझी शपथ खोटी पाडू नको, बाय."

टॅक्सी गेली. मी तिथेच झेंडूच्या हाऱ्यांमध्ये उभी राहिले. एक फुलवाली म्हणाली, "काय पाहिजे ताई?" मी म्हटलं, "काही नको."

तो पावसाळा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. आमच्याकडे शपथ म्हणजे बोलण्यातला मसाला नव्हे. गावदेवीचं नाव घेऊन खोटं बोललं तर ते घराला लागतं, आणि घरातल्या सगळ्यांत उघड्यावर असतो त्याला आधी लागतं. दादा ट्रेलर चालवायचा. बंदरातून कंटेनर उचलायचा आणि घाट चढून पुण्याकडे सोडायचा. आई खोटं बोलली होती खरं, पण अजून वेळ गेलेली नव्हती. मी खाल्लं नाही तर तिचं बोलणं निदान त्या दिवसापासून पुढे तरी खरं होत होतं. म्हणजे दादाचा जीव आता माझ्या जिभेवर. हे मी लॅबमधल्या कुणाला सांगितलं असतं तर सगळी हसली असती. मी स्वतः दिवसभर रक्त नळीत भरून फिरवते, साखर बघते, हिमोग्लोबिन बघते. शपथ कुठल्याही नळीत दिसत नाही, हे मला कळतं हो. पण कळणं वेगळं आणि घाटात पाऊस असताना भावाचा फोन न लागणं वेगळं.

खानावळ सोडली. दुपारी डब्यातली भेंडी खाताना समोरच्या टेबलावर कुणी बोंबील तळून आणले की मी उठून पाणी प्यायला जायचे. खोलीत परतले की दिव्याआधी वास. तो वास गेला होता की नव्हता, आजही सांगता येणार नाही. कापूर जाळला, लिंबाच्या साली ठेवल्या, कपाटाला खायचा सोडा चोळला. खिडकी उघडी ठेवावी तर पावसाच्या झडीने गादी भिजणार, बंद ठेवावी तर वास कोंडणार. खिडकीशी येरझाऱ्या घालण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या. आणि एका रविवारी झाडताना सिलिंडरच्या मागे सुक्या कोळंबीचा एक सोडा सापडला. एकच. नखाएवढा, वाळून लालसर झालेला, डब्याचं फडकं सुटलं तेव्हा उडालेला. मी तो तळहातावर घेऊन पलंगावर बसले. टाकायचा कुठे? कचरा न्यायला येणारी बाई आधी निर्मलाबेनकडे जाते. शेवटी कागदात बांधला, पर्समध्ये ठेवला आणि लॅबजवळच्या मांजराला घालायचा असं ठरवलं. ठरवलं खरं. मांजर रोज भेटायचं आणि मी रोज पर्स बंद ठेवून पुढे जायचे.

श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी लॅबमधल्या मैत्रिणीकडे बारसं होतं. पंगत बसली. केळीच्या पानावर कोळंबीभात आला. नको म्हणायला तोंड उघडलं आणि तो वास थेट घशात उतरला. आईच्या हातचा नव्हता, पण त्याच घराण्यातला. मी खाल्लं. एक घास नाही, पानभर खाल्लं, बोटं चाटून खाल्लं. वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "किती दिवसांची उपाशी आहेस गं?"

तीन वाजता खोलीवर येऊन दादाला फोन लावला. बंद. साडेतीनला बंद. वहिनीला लावला, ती म्हणाली, "सकाळीच घाट चढायचे व्हते. पाऊस लय हाय म्हंतात." चार, सव्वाचार, साडेचार. खाली गल्लीत नेहमीचा बाजार भरात आलेला, कुणीतरी ढोल वाजवत होतं, आणि मी खिडकीच्या गजांना धरून गावदेवीला म्हणत होते की मला काय करायचं ते कर, त्याला सोड. पाच वाजता मी आईला फोन केला आणि सगळं ओकून टाकलं. निर्मलाबेनला मी स्वतःच खोटं सांगितलं होतं ते, बारशाचं, पानभर खाल्ल्याचं, दादाचा फोन बंद असल्याचं. रडता रडता मला उचकी लागली.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "रडू नको. पानी पी. मी बगते."

"तू काय बघणार?"

"मी बगते म्हनले ना."

साडेसहाला दादाचा फोन आला. घाटाच्या अलीकडे टायर फुटलेला, मोबाईल भिजून बंद पडलेला तो आता कुठे सुरू झालेला, धाब्यावर वडापाव खात बसला होता. "तुमी बायकांनी काय लावलंय? वीस वीस मिस कॉल!" मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी आईचा निरोप आला. "तुझी शपथ सोडवली. देवीला सांगून आले. आता बिंधास खा. खोलीत मातुर नको." मी समजले, नारळ फोडला असेल, ओटी भरली असेल. आमच्याकडे सोडवतात तशी सोडवली असेल. कशी, ते मी विचारलं नाही. डोक्यावरचं ओझं कुणी उचललं तर ते कुठे ठेवलं, असं कोण विचारत बसतं?

मी पुन्हा खानावळीत जाऊ लागले. सुरमई, बोंबील, मांदेलीची चटणी. चार वर्षं निवांत खाल्लं. दर अकरा महिन्यांनी करार नवा व्हायचा, त्या आठवड्यात मात्र मी पुन्हा खोली हुंगत फिरायचे. आणि दर मे महिन्यात फोनवर विचारायचे, "आगोट भरली का?"

"भरली."

"किती वाटे?"

"दोन. ताईचा आनि घरचा."

यात चूक काही नव्हती. माझ्या खोलीत मासळी चालत नाही, मग वाटा कशाला? हिशेब सरळ होता. तरी "दोन" ऐकलं की मला काकूच्या ओटीवरची ती जुडी आठवायची. फोन ठेवल्यावर उगाच ओटा पुसत बसायचे. आगोटीच्या दिवसांत गावी जाणंच मी टाळलं. जायचे ती गणपतीत आणि मार्गशीर्षात, जेव्हा घरात तसंही मासळी शिजत नाही.

या वर्षी करार नवा करायला निर्मलाबेनकडे गेले. सही झाली, चहा झाला. त्या गुडघ्याला तेल चोळत होत्या. एकाएकी म्हणाल्या, "तुझी मम्मी परत आलीच नाही कधी. त्या दिवशी पाणी पण नाही घेतला तिने. माझ्या दारातून बाई पाणी न घेता गेली, मला अजून बरं नाही वाटत."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मला तेव्हाच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "वासावरून नाही गं. तुझ्या तोंडावरून. पण तिने देवीची शपथ घेतली. आता कोणी आईमाणूस देवीचं नाव घेते, मग मी काय बोलणार? मी चूप बसली. खोलीत करू नको, बाहेर खा, मला काय त्याचं?" मग हसल्या. "तिला सांग, चार वर्षं झाली, आता एकदा ये. आणि वाल पाठव, कडवे. तुमच्या तिकडचे वाल माझ्या सासूला फार आवडायचे."

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. एकदम हलकी झाले होते. चार वर्षं कापूर जाळला, मांजर चुकवलं, ओढण्या धुतल्या, आणि त्यांना पहिल्या मिनिटापासून ठाऊक! इतकं हसू आलं की फुलवालीने पुन्हा विचारलं, काय पाहिजे ताई, आणि मी चक्क एक गजरा घेतला. आईला हे फोनवर नाही, समोर बसून सांगायचं होतं. दोन दिवसांची रजा टाकली, धक्क्यावर गेले, लाँच धरली. पाण्यावर ऊन चमकत होतं. चार वर्षांत पहिल्यांदा मी आगोटीच्या दिवसांत घरी चालले होते.

अंगणात तेच सगळं. खाटेवर सोडे, दोरीवर बोंबील, काठी घेऊन आई. "बाजूला हो गो, सावली पडते!" हे आधी, आणि मग, "कवा आलीस?" मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. निर्मलाबेनची नक्कल करून सांगितलं. वहिनी पोट धरून हसली. आई फक्त म्हणाली, "तिनं पान्याचं अजून ध्यानात ठेवलंय? बरी हाय बाई." आणि वालांची पिशवी शोधायला आत गेली.

दुपारी पानं वाढली. दादा, वहिनी, मी. बाबा बांधावर गेलेले. वहिनीने सोडेभात केलेला, वर तळलेले बोंबील. आई नेहमीसारखी वाढायला उभी. आमची आई सगळ्यांच्या मागून जेवते, एकटी, चुलीशी बसून. तिच्या ताटात काय असतं हे बघायची वेळ आमच्यावर कधी आलीच नाही. मी म्हटलं, "आज तू पण बस. माझ्या शेजारी. आज मी पाहुणी आहे, माझं ऐकायचं." ती नाही नाही म्हणत होती. मी हाताला धरून बसवली आणि तिच्या ताटात स्वतः सोडेभाताचा डाव टाकायला गेले. तिने ताटावर आडवा हात धरला.

"मना नको."

"का? बरं नाही का?"

"वालाचं बिरडं हाय मना."

मी वहिनीकडे बघितलं. तिने नजर खाली घातली. "त्या न्हाय खात, ताई. चार वर्सं झाली. तुमाला म्हायत न्हाय व्हय? तुमच्या दादांचा टायर फुटला व्हता बगा, त्या दिवशी देवलात गेल्या. तवापास्न."

डाव माझ्या हातात तसाच राहिला. अंगणात दोरीवर बोंबील डुलताना दिसत होते, तिनेच धुतलेले, तिनेच बांधलेले. चार आगोटी तिने याच हातांनी भरल्या होत्या. आणि मी मुंबईत सुरमई खात होते.

"आई, तिला ठाऊक होतं," मी म्हटलं. "पहिल्यापासून ठाऊक होतं. कुणी फसलंच नव्हतं. आता तरी सोड."

"तिला म्हायत व्हतं, देवीलाबी म्हायत व्हतं," आई म्हणाली. "पन मी बोलले ना? कुनीतरी खरं करायला पायजे. तू पोर हायस, तुज्यानं व्हनार न्हाय."

"अगं पण..."

"मी न्हाय खात," आई म्हणाली.

अगदी सहज, अगदी स्वच्छ. हेच तीन शब्द मी निर्मलाबेनसमोर बोलले होते, चावीसाठी.

मग तिने माझ्या हातातला डाव काढून घेतला, भातातले मोठे मोठे सोडे शोधून माझ्या ताटात एका बाजूला लावले आणि म्हणाली, "जेव बाय. गार होतंय."